अभयारण्यात श्रमदानाला निघालात? फावडं उचलण्याआधी एवढं समजून घ्या

निफाड : सुट्टीच्या दिवशी गावातली दहा-वीस पोरं गोळा करायची, फावडी-घमेली घ्यायची आणि नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात श्रमदान करायचं, हा विचार चांगलाच आहे. पण पाणथळ जागेतलं काम म्हणजे गावातला रस्ता झाडणं नव्हे. चुकीच्या महिन्यात, चुकीच्या जागी घातलेला घाम पक्ष्यांच्या मुळावर येतो.

ही जागा एवढी मोलाची का?

गोदावरी आणि कादवेच्या संगमावर ब्रिटिश काळात बंधारा झाला. कालवे निघाले, शेती भिजली. बंधाऱ्यात मात्र गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली. उथळ पाणी आणि चिखल म्हणजे किडे, गोगलगायी, मासळी. पक्ष्यांसाठी हे वाढलेलं ताटच! १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून नाव जाहीर झालं.

आधी परवानगी

अभयारण्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. काम कितीही चांगलं असलं तरी मनाने आत शिरून खोदकाम किंवा झाडतोड केली तर गुन्हा होऊ शकतो. आधी वन विभागाच्या कार्यालयात जा. कुठे आणि काय करायचं, हे त्यांनीच दाखवू द्या.

महिना कोणता?

थंडीत पाहुणे पक्षी असतात, तेव्हा आवाजाचं काम नको. पावसाळ्यात कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी यांची घरटी असतात. उरतो तो उन्हाळा. त्यातही टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की समजायचं, अंडी जवळच आहेत. आल्या पावली मागे फिरा. घरट्याचा फोटो आणि लोकेशन ग्रुपवर टाकू नका.

पायवाट कशी करायची?

नवी वाट पाडण्यापेक्षा जुनीच दुरुस्त करा. बांधाच्या माथ्यावरून चालणारा माणूस लांबून दिसतो आणि थवाच्या थवा उडतो. म्हणून वाट बांधाच्या जमिनीकडच्या अंगाने, झाडाझुडपाच्या आडोशाने असावी. रुंदी दोन माणसांपुरती पुरे. सिमेंट नको, मुरूम चोपून एका बाजूला थोडा उतार ठेवला की पाणी साचत नाही. चिखलाच्या मोकळ्या पट्ट्यात झाडं लावू नका. चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना लांबवर दिसणारी मोकळी जागा लागते; झाडावर शिकारी पक्षी बसतात.

जलपर्णी काढताना

जलपर्णीला फुगीर देठ आणि जांभळी फुलं असतात. तिच्यामुळे उजेड अडतो, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासळी मरते. शेतकऱ्याच्या मोटारीच्या पाइपाचा फुटबॉलही गच्च होतो. पण पाणकणीस आणि कमळ तिच्यासोबत उपटू नका, तिथे पक्षी घरटी करतात. काढलेला ढीग काठावर सोडला तर पहिल्याच पुरात तो परत पाण्यात जातो. पुराच्या पाण्याच्या वर नेऊन वाळवा. शेणासोबत कुजवलं तर खत होतं.

गाळात पाय रुततो, म्हणून खोल पाण्यातलं काम होडीवाल्या मच्छीमारांवर सोडा. गमबूट घाला, हाताला जखम असेल तर पाण्यात उतरू नका.

खरं काम घरी

जलपर्णी वाढते ती सांडपाण्यावर आणि शेतातून वाहून येणाऱ्या खतावर. शहराचं सांडपाणी आपल्या हातात नाही, पण खताची गोणी आहे. एक दिवस जलपर्णी उपसायची आणि दुसऱ्या दिवशी उसाला अंदाजपंचे युरिया फेकायचा, तर पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा उतरावं लागणार. माती तपासून, मोजून खत दिलं तर पैसा वाचेल आणि पाणीही. हे श्रमदान वर्षभर चालतं आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही.