वडिलांचा अनुभव व तरुणांचा अधिकार

सार्वजनिक संस्थांच्या सभांतून तरुणांच्या स्तुतीला तोटा नसतो. उद्याचे नागरिक म्हणून त्यांचा गौरव होतो. आणि गौरव आटोपला की खुर्च्या मांडण्याचे काम तरुणांकडे व ठराव मांडण्याचे काम वडीलधाऱ्यांकडे, ही वाटणी ठरलेली असते. तरुण काही काळ खुर्च्या मांडतो आणि मग सभेस येईनासा होतो. हल्लीच्या मुलांस सार्वजनिक कामाची आवडच नाही, असा निष्कर्ष वडील मंडळी त्यावरून काढतात. ह्या दुराव्यावर उपाय कोणता, ह्याचे उत्तर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील एका लहानशा गावाने 1989 साली दिले. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे ते गाव होय.

हा प्रदेश अवर्षणाचा. पाऊस थोडा आणि तोही बेभरवशाचा. डोंगरावरील झाडी तुटली, माती वाहून गेली आणि 1972 च्या दुष्काळानंतर गावाची घडी पार विसकटली. विहिरी आटल्या, माणसे मजुरीसाठी शहरांकडे जाऊ लागली, आणि मागे राहिलेल्यांत दारू व भांडणे वाढली. अशा स्थितीत गावातील शिकलेल्या तरुणांनी ग्रामस्थांपुढे एक मागणी ठेवली: गावाचा कारभार आमच्या हाती द्यावा.

वडीलधाऱ्यांनी विरोध केला. पोरांना अजून पोच नाही, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप केवळ अहंकाराचा होता असे मानण्याचे कारण नाही. जमीन, गुरे आणि भाऊबंदकीचे तंटे ह्यांची गुंतागुंत ज्यांनी जन्मभर पाहिली, त्यांना नवख्या हातांची धास्ती वाटणे साहजिकच होते. उलटपक्षी, अनुभवी हातांनी चालविलेला कारभार कोठे येऊन ठेपला होता, हेही सर्वांस दिसत होते. अखेर तोड निघाली ती अशी की, तरुणांना एका वर्षापुरती संधी द्यावी. ते वर्ष पाहून गावाचे समाधान झाले, तेव्हा पुढील पाच वर्षे कारभार त्यांच्याकडेच सोपविण्यात आला. वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले पोपटराव पवार ह्या तरुणांचे पुढारी. त्यांची सरपंचपदी बिनविरोध निवड झाली होती.

ह्या तोडीचे मर्म तिच्या अटींत आहे. मुदत थोडी होती, परंतु अधिकार खरा होता. सल्लागार म्हणून कोपऱ्यात बसविण्याचा तो प्रकार नव्हता. अपयश आले असते तर त्याचा दोष तरुणांच्याच माथी आला असता. आणि वडील मंडळी बाजूस झाली, ती रुसून नव्हे. जाब विचारण्याचा हक्क ग्रामसभेत त्यांच्याकडे राहिलाच.

पुढील काम एकट्या तरुणांच्याने होण्याजोगे नव्हतेच. शाळा सुधारावयाची, डोंगरउतारावर समपातळी चर खणावयाचे, नालाबांध घालावयाचे, तर श्रमदानास घरोघरची माणसे हवी होती. 1994 साली गाव आदर्श गाव योजनेत आले. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी व नसबंदी ही पंचसूत्री गावाने पत्करली. ह्यांपैकी चराईबंदीचाच विचार करावा. डोंगरात गुरे सोडावयाची नाहीत, गवत विळ्याने कापून आणावयाचे, हा नियम सभेत मांडणे सोपे असते. पण गोठ्यातील गुरे घरच्या कर्त्या माणसांची असतात. त्यांनी मान डोलाविल्यावाचून असा नियम एक दिवसही टिकत नाही. पुढे शेतीसाठी कूपनलिका खणण्यास व ऊस लावण्यासही गावाने मनाई केली. ज्या जिल्ह्यात सहकारी साखर कारखानदारीचा पाया प्रवरेकाठी घातला गेला, तेथे ऊस सोडणे हा काही लहान त्याग नव्हे.

त्याचे फळही मिळाले. विहिरींना पाणी आले आणि गाव सोडून गेलेली कित्येक कुटुंबे परतली. दिवसाकाठी सुमारे 150 लिटर असलेले दूध काही हजार लिटरांवर गेले. 2020 साली पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली. परंतु गाव करी ते राव न करी, ही म्हण येथे सन्मानाहूनही अधिक बोलकी आहे.

ज्या वर्षी हिवरे बाजारात हा प्रयोग सुरू झाला, त्याच 1989 साली लोकसभा व विधानसभेसाठी मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले. पुढे 73 व्या घटनादुरुस्तीने 21 वर्षांच्या नागरिकास पंचायतीची निवडणूक लढविण्याची मुभाही दिली. म्हणजे कायद्याने दार उघडले आहे. शहरातील वाचनालये, गृहनिर्माण संस्था, उत्सव मंडळे व शिक्षणसंस्था ह्यांची दारे मात्र अद्याप अर्धवटच उघडी दिसतात. तेथील कार्यकारी मंडळांनी एखादे खाते, त्याचा खर्च व त्याचा निर्णय एका वर्षापुरता तरुणांच्या स्वाधीन करावा. मध्येच हात घालू नये. आणि वर्षाअखेरीस भर सभेत हिशेब मागावा. तरुणांनीही तो हिशेब जपून ठेवावा, आणि अडेल तेथे वडिलांस विचारण्यात कमीपणा मानू नये. हिवरे बाजारच्या वडीलधाऱ्यांना त्या वर्षाच्या आरंभी तरुणांविषयी पुरता विश्वास नव्हता. तो असावा लागला नाही. तो वर्षभरात कामातून आला.