भारत-पाकिस्तान व्यापारसंघर्ष

भारत व पाकिस्तान या शेजारी राष्ट्रांमध्ये १९४७ च्या फाळणीनंतर जकात, चलनाचा विनिमय दर, कच्च्या मालाचा पुरवठा व मालाची वाहतूक यांबाबत उद्भवलेले वाद आणि राजकीय तणावाच्या काळात उभयतांनी परस्परांच्या व्यापारावर घातलेली बंधने यांचा समावेश या संज्ञेत होतो. सामान्यतः व्यापारी वाद वाढत जाऊन राजकीय संबंध बिघडतात, असे मानले जाते. या दोन देशांच्या बाबतीत मात्र हा क्रम बहुधा उलट राहिला आहे. १९४९–५१ मधील अवमूल्यनाचा वाद हा यास महत्त्वाचा अपवाद असून त्यात आर्थिक हितसंबंधांचा खराखुरा विरोध होता. १९६५ नंतरच्या बहुतेक प्रसंगी व्यापार हे वादाचे कारण नव्हते; तो केवळ दबावाचे साधन ठरला.

फाळणीपूर्वी हा सर्व प्रदेश एक आर्थिक घटक होता. कच्च्या मालाची क्षेत्रे आणि त्यावर प्रक्रिया करणारे कारखाने यांची वाटणी भूगोलाने नव्हे, तर रेल्वे, बंदरे व भांडवल यांच्या सोयीने झालेली होती. अखंड हिंदुस्थानातील तागाच्या पिकाचा सु. तीन चतुर्थांश भाग पूर्व बंगालमध्ये होई. परंतु तागाच्या गिरण्या सर्वच्या सर्व हुगळीकाठी, म्हणजे भारतात राहिल्या. कापसाचीही स्थिती फारशी वेगळी नव्हती. सिंध व पश्चिम पंजाबमधील कालव्यांच्या पाण्यावर पिकणारा लांब धाग्याचा कापूस मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांना लागे; विदर्भ-खानदेशचा आखूड व मध्यम धाग्याचा कापूस तलम सुतासाठी त्याची जागा घेऊ शकत नसे. फाळणीच्या वेळी सु. ३८० कापडगिरण्या भारतात राहिल्या, तर पाकिस्तानच्या वाट्याला जेमतेम पंधराच्या आसपास आल्या. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच मोडत असे व कराचीचा मुंबईशी किनारी व्यापार जुना होता. पाकिस्तानच्या रेल्वेगाड्या बंगाल-बिहारमधील खाणींच्या कोळशावर चालत. १९४८-४९ मध्ये पाकिस्तानच्या एकूण निर्यातीपैकी निम्म्याहून अधिक माल भारतात येत होता आणि आयातीचा सु. एक तृतीयांश भाग भारतातून जात होता.

हे परस्परावलंबन एकदम तुटू नये, म्हणून ‘जैसे थे’ करार करण्यात येऊन २९ फेब्रुवारी १९४८ पर्यंत मालाची ने-आण मुक्त ठेवण्याचे ठरले होते. तथापि कच्च्या तागावरील निर्यातशुल्काचा प्रश्न लगेचच उपस्थित झाला. ताग पूर्व बंगालमध्ये पिकत असला, तरी तो परदेशी जाई कलकत्ता बंदरातून आणि त्यामुळे शुल्काचे उत्पन्न भारताकडे जमा होई. पाकिस्तानने आपल्या हद्दीतून बाहेर पडणाऱ्या तागावर स्वतंत्र शुल्क बसविले. १ मार्च १९४८ पासून जकातीच्या दृष्टीने दोन्ही देश एकमेकांना परके झाले. याच काळात रोख शिलकीच्या वाटणीचाही वाद झाला. पाकिस्तानच्या वाट्याच्या ७५ कोटी रुपयांपैकी उरलेले ५५ कोटी रुपये काश्मीरमधील युद्धामुळे भारताने रोखून धरले होते, म. गांधींचे उपोषण सुरू असताना, १५ जानेवारी १९४८ रोजी, ते देण्याचा निर्णय झाला. आर्थिक देणे-घेणे व राजकीय तंटा यांची सांगड घातली गेल्याचे हे पहिले ठळक उदाहरण होय. उलटपक्षी जकात व व्यापार यांविषयीच्या सर्वसाधारण करारात (गॅट) या दोन राष्ट्रांसाठी मुद्दाम एक तरतूद करण्यात आली. हे देश दीर्घकाळ एकच आर्थिक घटक होते, हे मान्य करून परस्परांना विशेष सवलती देण्याची मुभा कराराच्या चोविसाव्या अनुच्छेदात त्यांना देण्यात आली. दोन राष्ट्रांचा नावानिशी उल्लेख करून दिलेली ही सवलत कराराच्या कलमांत आजही आहे. परंतु तिचा म्हणण्यासारखा लाभ घेतला गेला नाही.

अवमूल्यनाचा वाद (१९४९–५१) : १८ सप्टेंबर १९४९ रोजी ब्रिटनने पौंडाचे ३०·५ टक्क्यांनी अवमूल्यन केले. स्टर्लिंग क्षेत्रातील बहुतेक देशांप्रमाणे भारतानेही त्याच प्रमाणात रुपयाचे मूल्य घटविले. पाकिस्तानने मात्र अवमूल्यन करण्यास नकार दिला. परिणामतः कालपर्यंत समान असलेल्या दोन रुपयांमध्ये अंतर पडले व १०० पाकिस्तानी रुपयांस १४४ भारतीय रुपये पडू लागले.

पाकिस्तानच्या निर्णयामागील अर्थशास्त्रीय युक्तिवाद दुर्बल नव्हता. ताग व कापूस यांची मागणी अलवचीक असल्याने किंमत वाढली तरी खप फारसा घटणार नाही, कारखाने उभारण्यास लागणारी यंत्रसामग्री स्वस्तात आणता येईल आणि फाळणीनुसार भारताला द्यावयाच्या कर्जाचा बोजाही पाकिस्तानी रुपयांत कमी होईल, असा हिशोब त्यात होता. नव्या राष्ट्राने आपले चलन स्वतंत्रपणे ठरविण्यातील प्रतिष्ठेचा भागही त्यात होताच. भारताच्या बाजूने पाहता कच्चा ताग एका रात्रीत ४४ टक्क्यांनी महागला होता. तागाच्या पिशव्या व गोणपाट हे डॉलर मिळवून देणारे भारताचे प्रमुख पदार्थ होते आणि अवमूल्यनाने परदेशी बाजारात त्यांना जो लाभ व्हावयाचा, तो कच्च्या मालाच्या किंमतीतच गडप होणार होता. पाकिस्तान त्यावेळी आंतरराष्ट्रीय चलननिधीचा सभासद नसल्याने त्याच्या चलनाचे अधिकृत मूल्य निधीने मान्य केलेले नव्हते, हाही मुद्दा होता. भारताने नवा दर मानण्यास नकार दिला.

दोन्ही सरकारांनी केलेला हिशोब कागदावर बरोबर होता. चूक झाली ती दुसरा पक्ष किती दिवस तग धरील याच्या अंदाजात. दराविषयी मतैक्य नसल्याने बँकांना हुंड्या वटविता येईनात आणि व्यापार जवळजवळ ठप्प झाला. अवमूल्यनापूर्वी खरेदी केलेला ताग पूर्व बंगालमधील नद्यांत पडावांवर अडकून पडला. भारताने डिसेंबर १९४९ मध्ये पाकिस्तानला जाणारा कोळसा बंद केला. पाकिस्तानने ताग मंडळ स्थापून तागाची किमान किंमत बांधून दिली, दूरच्या देशांकडून महागडा कोळसा आणला व चितगाँग बंदराचा विकास हाती घेतला. हुगळीकाठच्या गिरण्यांनी कामाचे तास कमी केले.

या कोंडीचा भार ज्यांच्यावर पडला, त्यांचा दोन्ही राजधान्यांतील वाटाघाटींत फारसा उल्लेख आढळत नाही. पूर्व बंगालचा लहान शेतकरी पिकाचे पैसे हाती येताच सावकाराचे देणे व खंड फेडी आणि वर्षाचे तांदूळ घेई. ताग म्हणजे त्याचे रोख रकमेचे एकमेव पीक होते. मंडळाने बांधलेली किंमत त्याच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी मधल्या व्यापाऱ्यांच्या साखळीतून जात असे. कलकत्त्यात नोकरी करणाऱ्या व गाव पलीकडे असलेल्या कुटुंबांस घरी पैसे पाठविणे दुरापास्त झाले. सीमेलगतच्या बाजारांतील मासळी, भाजीपाला, अंडी यांसारखा दैनंदिन व्यवहार हा कायद्याच्या भाषेत चोरटा व्यापार ठरला.

१९५० च्या प्रारंभी बंगालच्या दोन्ही भागांत भीषण जातीय दंगली झाल्या व लक्षावधी लोकांनी स्थलांतर केले. दंगलींचे मूळ व्यापारबंदीत होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल; परंतु रोजच्या देवघेवीचे संबंध तुटल्याने तणाव रोखणारी एक मोठी शक्ती नाहीशी झाली होती, हे नाकारता येत नाही. युद्धाची भाषा सुरू झाली. अखेर ८ एप्रिल १९५० रोजी अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी नेहरू-लियाकत अली करार झाला. या कराराच्या निषेधार्थ उद्योग व पुरवठामंत्री श्यामाप्रसाद मुखर्जी आणि व्यापारमंत्री क्षितीशचंद्र नियोगी यांनी राजीनामे दिले. तरीही त्याच महिन्यात मर्यादित मालाच्या देवघेवीचा अल्प मुदतीचा करार होऊन दराचा वाद बाजूस ठेवून थोडा ताग भारतात येऊ लागला.

निर्णायक ठरले ते एका तिसऱ्याच ठिकाणचे युद्ध. जून १९५० मध्ये कोरियात युद्ध सुरू झाल्याने ताग, कापूस इ. कच्च्या मालाच्या किंमती जगभर कडाडल्या व पाकिस्तानी रुपयाचा चढा दर टिकून राहिला. भारताने फेब्रुवारी १९५१ मधील व्यापारी करारात तो मान्य केला. पाकिस्तानचा विजय मात्र अल्पकालीन होता. युद्धजन्य तेजी ओसरताच निर्यात घटली आणि ३१ जुलै १९५५ रोजी त्याला अवमूल्यन करून भारतीय रुपयाशी पुन्हा बरोबरी साधावी लागली.

दीर्घकालीन परिणाम अधिक खोल होते. पश्चिम बंगाल, आसाम व बिहारमध्ये ताग लागवडीस उत्तेजन देण्यात येऊन भारताचे उत्पादन चार-पाच वर्षांत दुपटीहून अधिक झाले. अन्नधान्याची टंचाई असताना भाताखालील काही जमीन तागाकडे वळविणे हा त्याचा मोबदला होता. पाकिस्तानने नारायणगंज येथे आदमजी ताग गिरणी उभारली (१९५१) आणि कराची व पंजाबमध्ये कापडगिरण्या निघाल्या. पूर्व बंगालच्या हद्दीतून जाणाऱ्या लोहमार्गास पर्याय म्हणून बांधलेला आसाम जोड लोहमार्ग जानेवारी १९५० मध्ये वाहतुकीस खुला झाला. ज्या दोन अर्थव्यवस्था परस्परपूरक होत्या, त्या अशा रीतीने स्पर्धक बनल्या. पुढील काळात व्यापार बंद करणे सोपे झाले याचे कारण हेच. बंदीमुळे गमावण्यासारखे दोघांकडेही फारसे उरले नव्हते.

१९६५ नंतर : सप्टेंबर १९६५ च्या युद्धात व्यापार पूर्णपणे थांबला, एकमेकांची जहाजे व माल जप्त करण्यात आला आणि पूर्व पाकिस्तानातून आसामकडे जाणारी नदीवाहतूकही बंद पडली. ताश्कंद घोषणेत (१९६६) आर्थिक संबंध पूर्ववत करण्याचा उल्लेख असला, तरी प्रत्यक्षात व्यापार सुरू झाला नाही. सिमला करारानंतर (१९७२) नोव्हेंबर १९७४ मध्ये त्यासंबंधीचा मसुदा मान्य झाला व मोजक्या वस्तूंची देवघेव सुरू झाली. भारताने १९९६ मध्ये पाकिस्तानला ‘परमानुग्रहित राष्ट्रा’चा दर्जा दिला. पाकिस्तानने तो दिला नाही. काश्मीर प्रश्नात प्रगती झाल्याखेरीज व्यापार खुला करणे म्हणजे राजकीय भूमिका सोडणे होय, अशी तेथील एका मोठ्या गटाची धारणा होती. १,२०९ वस्तू वगळून इतर सर्व वस्तूंच्या आयातीस त्याने २०१२ मध्ये मुभा दिली, परंतु वाघा-अटारी रस्त्याने केवळ १३७ वस्तूच आणता येत.

जम्मू-काश्मीरमधील नियंत्रण रेषेवर २१ ऑक्टोबर २००८ पासून सुरू झालेला व्यापार हा एक वेगळा प्रयोग होता. त्यात चलन, बँक वा जकात यांपैकी काहीच नव्हते. एकवीस ठराविक वस्तूंची केवळ अदलाबदल होई. चलनाच्या दरावरून एकेकाळी दीड वर्ष व्यापार बंद पाडणाऱ्या या दोन देशांनी चलनच वगळून व्यापार करावा, हे लक्षणीय आहे. शस्त्रे, अमली पदार्थ व बनावट नोटा यांसाठी या मार्गाचा दुरुपयोग होत असल्याचे कारण देऊन एप्रिल २०१९ मध्ये भारताने तो स्थगित केला.

तत्पूर्वी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, पुलवामा येथील आत्मघाती हल्ल्यानंतर भारताने परमानुग्रहित राष्ट्राचा दर्जा काढून घेतला व पाकिस्तानी मालावर २०० टक्के जकात बसविली. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरच्या घटनात्मक दर्जात बदल झाल्यावर पाकिस्तानने व्यापार स्थगित केला. औषधांना मात्र थोड्याच दिवसांत सूट द्यावी लागली. २०१८-१९ मध्ये उभयपक्षी व्यापार सु. अडीच अब्ज डॉलर होता व त्यात भारताची निर्यात चौपटीने अधिक होती. कृत्रिम अडथळे नसल्यास तो ३७ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकेल, असा जागतिक बँकेचा २०१८ मधील अंदाज होता. अशा अंदाजांत राजकीय जोखीम मोजली जात नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे. कापूस व साखर यांची टंचाई भासू लागल्याने पाकिस्तानच्या आर्थिक समितीने ३१ मार्च २०२१ रोजी भारतातून त्यांच्या आयातीस संमती दिली, ती मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी रोखली.

एप्रिल २०२५ मधील पहलगाम येथील हल्ल्यानंतर भारताने अटारीचे तपासणी नाके बंद केले व सिंधू पाणीवाटप करारही स्थगित केला. पाकिस्तानने तिसऱ्या देशामार्गे होणाऱ्या व्यापारासह सर्व व्यापार थांबविला. मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानी मालाच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष आयातीवर संपूर्ण बंदी घातली. अशा बंदीचे परिणाम दोन्ही देशांच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत क्वचितच दिसतात. अटारीचे हमाल, मालमोटारींचे मालक व अमृतसरचे आडते यांना ते २०१९ पासूनच सोसावे लागले आहेत.

प्रत्यक्ष व्यापार बंद असला, तरी मागणी नाहीशी होत नाही. सिंधमधील खारीक आणि पंजाबच्या खेवडा खाणींतील शेंदेलोण हे पदार्थ भारतीय बाजारांत पूर्वापार येत असत. बंदीच्या काळात असा माल दुबईत उतरवून, तेथील कागदपत्रांनिशी पुन्हा जहाजावर चढविण्याची पद्धत रूढ झाली. जून २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा-शेवा बंदरात असे ३९ कंटेनर पकडले, त्यांत सु. १,११५ टन माल होता, व तो जप्त करण्यात आला.