बिलाआधी दरपत्रक विचारा

जुम्याची नमाज संपली की मशिदीच्या दारात कधी कधी कुणीतरी रुमाल पसरून उभा असतो. एका भावाचे ऑपरेशन आहे, एका बहिणीचे बाळ काचेच्या पेटीत आहे, मदत करा, असे सांगतो. लोक देतात. दहा, पन्नास, शंभर. परभणी असो, जिंतूर असो की पाथरी, हे दृश्य आपल्या ओळखीचे आहे. पण देणारा किंवा घेणारा सहसा एक गोष्ट विचारत नाही. बिल कशाकशाचे झाले? ते तेवढे व्हायलाच हवे होते का?

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. आमच्याच घरातली गोष्ट आहे. दोन वर्षांपूर्वी माझी खाला ओट्यावरून पडली. खुब्याचे हाड मोडले. तिच्या मुलाने रिक्षात घालून तिला एका खाजगी दवाखान्यात नेले. काउंटरवर त्याने विचारले, "भाऊ, खर्च किती येईल?" उत्तर मिळाले, "आधी ॲडमिट तर करा, नंतर बघू." सहाव्या दिवशी बिल हातात आले, एक लाख चाळीस हजार. त्यात 'इतर' नावाच्या एकाच ओळीत अठरा हजार रुपये होते. खालाच्या पाटल्या मोडल्या, उरलेल्यासाठी नातेवाइकांकडे हात पसरला. रेशनकार्ड मात्र पूर्ण वेळ घरातल्या पेटीत पडून होते. ते आधी बाहेर काढले असते तर कदाचित पाटल्या वाचल्या असत्या, हे आम्हाला महिनाभराने कळले.

दर लावणे बंधनकारक आहे

महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. या कायद्याचे सुधारित नियम सरकारने जानेवारी २०२१ मध्ये लागू केले. त्यांनुसार प्रत्येक नोंदणीकृत रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लोकांना दिसेल अशा जागी लावायचे आहे. दाखल होण्याची फी, रोजचे खाटेचे आणि आयसीयूचे भाडे, डॉक्टरांच्या भेटीची फी, भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचे भाडे, नर्सिंग, सलाईन, ऑक्सिजन, रक्त-लघवीच्या तपासण्या, एक्स-रे आणि सोनोग्राफी या सगळ्यांचे दर त्यात यावे लागतात.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. हा नियम दर ठरवून देत नाही, फक्त ते उघड करायला लावतो. एका दवाखान्यात खाटेचे भाडे हजार रुपये आणि दुसऱ्यात तीन हजार असू शकते. पण फळ्यावर हजार लिहून बिलात तीन हजार लावता येत नाहीत. आणि फळा दिसला तरच आपल्याला दोन दवाखान्यांची तुलना करता येते.

याच महिन्यात, म्हणजे १ जानेवारी २०२१ पासून, अमेरिकेनेही आपल्या रुग्णालयांना दर जाहीर करायला लावले. तिथेही लोकांची तक्रार हीच होती की बिल हातात पडेपर्यंत आकडा कळत नाही. त्याच देशातले मेरीलँड राज्य तर पुढे गेले आहे. तिथे १९७० च्या दशकापासून एक सरकारी आयोग रुग्णालयांचे दर ठरवतो. म्हणजे दर विचारणे हा काही गरिबाचा रडका हट्ट नाही. श्रीमंत देशांतही त्यासाठी कायदे करावे लागले.

कोरोनाने काय शिकवले

सरकारने मनावर घेतले तर दर बांधता येतात, हे आपण कोरोनात पाहिले. मे २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले. साध्या विलगीकरण खाटेला दिवसाला ४००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयूला ७५०० आणि व्हेंटिलेटरसह ९००० रुपये. पुढच्या वर्षी जूनमध्ये शहर आणि गाव असा फरक केला गेला. सर्वांत खालच्या वर्गात, म्हणजे ग्रामीण भागात, हेच दर २४००, ४५०० आणि ५४०० झाले. अनेक शहरांत लेखापरीक्षकांनी बिले तपासली आणि जादा घेतलेले पैसे परत करायला लावले.

त्याआधी २०१७ मध्ये केंद्राने हृदयात बसवायच्या स्टेंटची किंमत बांधली. लाखाच्या पुढे विकला जाणारा औषधी लेपाचा स्टेंट कराशिवाय २९,६०० रुपयांवर आला. मात्र स्टेंट स्वस्त झाला तरी बाकीच्या ओळींवर मर्यादा नव्हती. म्हणून एकेका वस्तूचा दर बांधण्यापेक्षा पूर्ण उपचाराचा एकच दर ठरवणे रुग्णाच्या जास्त फायद्याचे असते.

एक उपचार, एक रक्कम

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना याच पद्धतीने चालते. ती २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर पोहोचली. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांत परभणी होता, त्यामुळे इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकरी कुटुंबांनाही ती आधीपासून लागू होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती सर्व रेशनकार्डधारकांसाठी खुली झाली आणि दीड लाखाचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांवर गेले. त्या निर्णयात १३५६ उपचारांची यादी होती. यादी बदलत असते, म्हणून आपला आजार तिच्यात आहे का हे दर वेळी विचारून घ्यावे.

योजनेतल्या रुग्णालयाला एका उपचारासाठी ठरलेली एकच रक्कम सरकारकडून मिळते. तपासणी, औषध, ऑपरेशन, जेवण, घरी परतण्याचा प्रवासखर्च आणि सुटीनंतर दहा दिवसांपर्यंतची देखभाल हे सगळे त्यात येते. रुग्णाकडून वेगळे पैसे घ्यायचे नसतात. 'इतर' नावाची ओळ इथे बसत नाही.

डॉक्टरांचीही बाजू आहे. पॅकेजची रक्कम अपुरी पडते आणि सरकारी पैसे उशिरा येतात, असे ते सांगतात. ही तक्रार खोटी म्हणून झटकता येणार नाही. पैसे वेळेवर आले नाहीत तर दवाखाने योजनेतून बाहेर राहतात आणि त्याचा फटका पुन्हा आपल्यालाच बसतो. तेव्हा रुग्णालयाला रास्त आणि वेळेवर पैसे मिळावेत, ही मागणीही आपलीच आहे.

स्वस्त म्हणजे चांगले नव्हे

दर कळला तरी अर्धेच कळले. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारी सर्वेक्षणात ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या अनेक जणी तरुण होत्या. तिथे पहिला प्रश्न खर्चाचा नव्हता, ऑपरेशनची गरज होती का हा होता. परभणीतूनही कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, म्हणून हा धडा आपलाही आहे.

कोणत्या दवाखान्यात कोणती ऑपरेशने किती होतात आणि त्यानंतर किती रुग्णांना त्रास झाला, हे आज फळ्यावर लिहिलेले नसते. तोवर आपल्या हाती दोन उपाय आहेत. घाई नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. आणि कागदपत्रे मागावीत. मागणी केल्यावर ७२ तासांत उपचारांची नोंद देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, तेव्हा दुसऱ्या मतासाठी दर वेळी नांदेड किंवा औरंगाबाद गाठावे लागेल असे नाही.

घरात आणि मोहल्ल्यात काय करावे

रेशनकार्ड आणि आधारकार्डाच्या प्रती एका पिशवीत दाराजवळ ठेवाव्यात, आणि ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या बायकांना ठाऊक असावे. दाखल होण्याआधी विचारावे, "हा दवाखाना फुले योजनेत आहे का? आरोग्यमित्र कुठे बसतात?" शंका असेल तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकांवर फोन करावा. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरीचीही सोय आहे. दवाखाना योजनेत नसेल तर दरपत्रक कुठे लावले आहे ते विचारावे आणि अंदाजे खर्च कागदावर लिहून मागावा. बिल तपशीलवार घ्यावे.

दाद मिळाली नाही तर परभणी शहरात महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे, बाकी जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीचा मागमूस राहत नाही.

विचारले तर डॉक्टरसाहेब नाराज होतील, उपचार नीट करणार नाहीत, ही भीती आपल्या मनात खोल असते. नम्रपणे विचारावे. भाजीचा भाव विचारणाऱ्याचा भाजीवाल्याला राग येत नाही. प्रामाणिक डॉक्टरला तर अशा विचारणाऱ्याने बरेच वाटते, कारण नंतरचे भांडण टळते.

आपल्या जमाती आणि कमिट्या जकात-सदक्यातून इलाजाला मदत करतात. हा पैसा अमानत आहे. मग प्रत्येक कमिटीने योजनेची माहिती असलेला एक तरुण आणि एक तरुणी नेमावी. मदतीचा अर्ज आला की त्यांनी आधी तीन गोष्टी पाहाव्यात. हा आजार योजनेत बसतो का? अंदाजे खर्चाचा कागद आहे का? बिल दरपत्रकाप्रमाणे आहे का? पण यासाठी कुणाचा इलाज अडवू नये. जीव आधी, कागद नंतर.

माझी खाला आता काठी घेऊन चालते. गेल्या हिवाळ्यात शेजारणीच्या सुनेला पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी न्यायचे ठरले, तेव्हा ती दारातूनच ओरडली, "अगं, आधी रेशनकार्ड घे बाई! आणि भाव विचारल्याशिवाय सही करू नको."