बालवयातील अपराधाची नोंद आणि नव्या सुरुवातीचा हक्क

बालवयात हातून घडलेल्या अपराधाची नोंद आयुष्यभर पाठीशी लागू नये, हे बाल न्यायव्यवस्थेचे मूलभूत सूत्र आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ३ मध्ये ‘नव्याने सुरुवात’ हे तत्त्व म्हणूनच समाविष्ट आहे. परंतु गरीब कुटुंबातील युवकाला या हक्काचा लाभ प्रत्यक्षात मिळण्यासाठी अनेकदा वकिलाचे साहाय्य आवश्यक ठरते.

कलम २४ नुसार, या कायद्याखाली ज्याचे प्रकरण हाताळले गेले अशा बालकाला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागू होत नाही. विहित मुदतीनंतर संबंधित अभिलेख नष्ट करण्याचा आदेश बाल न्याय मंडळाने पोलिसांना द्यावयाचा असतो. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार हे अभिलेख अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षे जतन करावयाचे असून, त्यापुढे ते ठेवता येत नाहीत. निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती चारित्र्य प्रमाणपत्रासाठी देण्यासही कलम ७४ अन्वये पोलिसांना मनाई आहे. सोळा वर्षांवरील ज्या बालकाला बाल न्यायालयाने निर्घृण अपराधात प्रौढाप्रमाणे दोषी ठरवले असेल, त्याला मात्र कलम २४ चे संरक्षण मिळत नाही.

अडचण उद्भवते ती अंमलबजावणीत. नोंद पोलीस ठाण्यात, मंडळाच्या दप्तरात आणि संगणकातही असू शकते. एका ठिकाणची नोंद नष्ट झाली, तरी दुसऱ्या ठिकाणची राहून जाण्याचा संभव असतो. ही बाब उघड होते ती नोकरीपूर्व चारित्र्य पडताळणीच्या वेळी. तोपर्यंत अंतिम आदेशाची प्रतही घरात राहिलेली नसते.

अशा वेळी वकील आदेशाची प्रमाणित प्रत मिळवतो, मुदत तपासतो, अभिलेख नष्ट करण्यासाठी मंडळाकडे अर्ज करतो आणि आदेशाचे पालन झाल्याची खातरजमा करतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार बालके, महिला, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, तसेच विहित उत्पन्नमर्यादेतील नागरिक मोफत विधी साहाय्यास पात्र आहेत. केंद्रीय न्याय विभागाच्या ‘न्याय बंधू’ या २०१७ च्या उपक्रमात विनामूल्य सेवा देऊ इच्छिणारे वकील नाव नोंदवतात आणि त्यांची पात्र व्यक्तींशी सांगड घातली जाते.

प्रौढांच्या गुन्ह्याची नोंद ठरावीक काळानंतर बंद करणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ चे कलम १२ अपात्रता दूर करते; नोंद पुसत नाही. शिवाय, नोकरीच्या अर्जात विचारलेली माहिती खरी असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे काय लिहावे याबाबत अर्ज भरण्यापूर्वीच सल्ला घेणे हितावह ठरते.

यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या दूरध्वनी क्रमांकावर संपर्क साधता येतो. प्रकरण निकाली निघताच आदेशाची प्रत जपून ठेवणे आणि मुदत संपल्यावर नोंदीची चौकशी करणे, एवढी दक्षता घेतल्यास पुढे एखाद्या युवकाची हाती आलेली नोकरी वाचू शकते.