हुंकार नसलेली पाच मिनिटं

१०२२ मधून १३ वजा करा. १००९. त्यातून पुन्हा १३. ९९६. घरी चहा पिता पिता हे कुणालाही जमतं. आता समजा, समोर टेबलापलीकडे पांढऱ्या कोटातली तीन माणसं बसलीत, कॅमेरा चालू आहे आणि तुम्ही माइकपुढे उभे आहात. ९८३... ९७१. ‘चूक. १०२२ पासून.’ आवाजात राग नाही, कीव नाही, काहीच नाही.

जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या क्लेमेन्स किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ही चाचणी मांडली. माणसाला इजा न करता प्रयोगशाळेत ताण कसा आणायचा, हा त्यांचा प्रश्न होता. तयारीला दहा मिनिटं, मग पाच मिनिटं नोकरीसाठी आपण कसे लायक हे सांगायचं, आणि पुढची पाच मिनिटं वजाबाकी. खरी मेख भाषणात आहे. बहुतेकांचं बोलणं वेळेआधीच संपतं. समोरचे गप्प. मग कोरडं वाक्य येतं, ‘अजून वेळ आहे, बोला.’ कुणी मान हलवत नाही, हसत नाही. आपल्याकडे आजी गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याने हुंकार दिला नाही तर ती थांबायची. इथे हुंकार ठरवून काढून घेतलेला असतो.

तेवढ्यानं लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दुप्पट ते चौपट होतं. अॅड्रेनलिन त्याच्या आधी, काही सेकंदांत धावतं: छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते. अशा वेळी कपाळामागचा मेंदूचा भाग, जो आकडे आणि शब्द हाताशी धरून ठेवतो, तोच ढिला पडतो. पाठ असलेलं उत्तर ऐन वेळी सापडत नाही ते यामुळे. कॉर्टिसोल मात्र संथ. त्याचा कळस बरेचदा सगळं उरकल्यावर येतो. आपण मुलाखत संपवून रिक्षात बसलेलो असतो, शरीर अजून त्याच खोलीत.

यावरचा हुकमी सल्ला म्हणजे ‘दीर्घ श्वास घ्या’. तो अर्धाच आहे. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना व्हेगस नावाची नस त्यांना लगाम घालते. मनगटावर बोट ठेवलंत तर कदाचित जाणवेलही. म्हणजे लांबवायचा तो उच्छ्वास.

पण मला जास्त मोलाचा वाटतो तो जर्मनीतच, बोखुममध्ये झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. तिथे परीक्षक बसवले, पण हसरे, मान डोलावणारे. कॉर्टिसोल वाढलंच नाही. बोलणाऱ्याला आपण ‘शांत राहा’ म्हणून बजावतो. त्याची शांतता बरीचशी समोरच्याच्या चेहऱ्यावर असते, हे कुणी मुलाखत घेणाऱ्यांना सांगत नाही.

एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मला साधी व्याख्या आठवेना. बाहेरून आलेले परीक्षक खिडकीबाहेर बघत बसले. शेजारच्या बाईंनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, ‘हं, मग?’ व्याख्या आठवली नाहीच. पण तिचं उदाहरण आठवलं, आणि तिथून मी बोलत सुटले.