केसांची फिर्याद

कल्याणात नव्याने बिऱ्हाड थाटलेल्या माणसाचे केस गळू लागले, की त्याचा दोष बहुधा पाण्यावर ठेवला जातो. ‘पाणी लागलं’ एवढा निकाल देऊन शेजारीपाजारी मोकळे होतात, आणि मग नळाला गाळणी, डोक्याला माक्याचे तेल व न्हाणीघरात शांपूच्या नवनव्या बाटल्या असा सरंजाम सुरू होतो. घरातील कुत्र्याचे केस झडले तरी हाच न्याय लावला जातो. परंतु केसांची ही फिर्याद पुष्कळदा निराळ्याच दप्तरी दाखल करावयाची असते. ते दप्तर म्हणजे रक्तातून वाहणारे अंतःस्राव, अर्थात हॉर्मोन.

मनुष्याच्या मस्तकावर सुमारे 1 लाख केस असतात. त्यांतील प्रत्येक केस 2 ते 6 वर्षे वाढतो, दोनतीन आठवड्यांत आपली वाढ आवरती घेतो, सुमारे 3 महिने विसावतो आणि गळून नव्या केसाला जागा करून देतो. म्हणून दिवसाकाठी 50 ते 100 केस गळणे हा निसर्गाचा नित्यक्रमच होय. हा क्रमही वरून आलेल्या हुकुमानेच चालतो. पेशवाईत कल्याण हा सुभा होता आणि हुजुरातून निघालेला हुकूम सुभेदाराच्या कचेरीतून गावोगाव पोचत असे. त्याच रीतीने मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी गळ्यातील अवटू ग्रंथीला, जिला आपण सर्रास थायरॉइड म्हणतो, व मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींना आज्ञा देते, आणि त्या ग्रंथींचे स्राव केसांच्या मुळांपर्यंत जाऊन तेथील वाढीचे व विसाव्याचे नियमन करतात.

थायरॉइडचा स्राव कमी पडला की विसावलेले केस वेळेवर पुन्हा वाढीस लागत नाहीत. ते सबंध डोक्यावरून विरळ व रुक्ष होतात, आणि कित्येकदा भुवयांचा बाहेरील भागही झडतो. बाळंतिणीची गोष्ट वेगळी. गरोदरपणी वाढलेल्या इस्ट्रोजेनमुळे जे केस गळावयाचे थांबलेले असतात, ते प्रसूतीनंतर दोनचार महिन्यांनी एकदम गळू लागतात, आणि तान्हे मूल मांडीवर घेतलेली ती माउली घाबरून जाते. घरातील वडीलधाऱ्यांनी तिला धीर द्यावा, कारण वर्षभरात केस बहुधा पूर्ववत होतात. पुरुषांच्या टकलाचे कारण टेस्टोस्टेरॉनपासून बनणारा डीएचटी नावाचा स्राव हे असून, आनुवंशिकतेने हळव्या झालेल्या कपाळावरील व टाळूवरील मुळांना तो उत्तरोत्तर क्षीण करीत नेतो.

कुत्र्यांमध्ये थायरॉइडचा विकार ओळखण्याची खूण मला फार मोलाची वाटते. खरजेने पछाडलेले कुत्रे रात्रंदिवस खाजवते, अंग भिंतीला घासते, स्वतःला चावते. थायरॉइड मंदावलेले कुत्रे मात्र, निदान आरंभी तरी, खाजवत नाही. त्याच्या दोन्ही कुशींवरचे केस सारख्याच प्रमाणात झडतात, शेपटी ओकीबोकी होते, उघडी पडलेली कातडी काळवंडते, खाणे वाढले नसताही ते लठ्ठ होते, आणि पूर्वी दाराची घंटा वाजताच धावणारे ते जनावर जागचे हलेनासे होते. मध्यम वयाच्या गोल्डन रिट्रीव्हर, डॉबरमन यांसारख्या कुत्र्यांत हे विशेष आढळते, आणि ‘वय झालं’ म्हणून घरची माणसे त्याकडे दुर्लक्ष करतात, याची मला मनापासून खंत वाटते. याउलट कुत्रे वारंवार पाणी पिऊ लागले, घरात लघवी करू लागले, पोट सुटले आणि कातडी पातळ झाली, तर अधिवृक्क ग्रंथींचा कॉर्टिसॉल वाढल्याचा संशय घ्यावा. हार्वी कुशिंग या शल्यविशारदाने 1932 साली माणसांत सविस्तर वर्णिलेला विकार तो हाच. पोटातच राहिलेल्या वृषणात गाठ होऊन इस्ट्रोजेन वाढल्यानेही नर कुत्र्याचे केस जातात.

काही वेळा हॉर्मोनांचा बिघाड आपणच ओढवून घेतो. खाडीकाठच्या दमट हवेत गजकर्ण फार, आणि त्यावर दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडयुक्त मलमे चोळण्याची खोड त्याहून फार. तीच औषधे कुत्र्याला दीर्घकाळ दिली, तर त्याला कुशिंगचा विकार जडू शकतो. केसगळतीवर डोक्याला लावावयाचे मिनॉक्सिडिल हे औषधही कुत्र्याने चाटले तर ते त्याच्या हृदयाला घातक ठरते.

कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी 1886 साली पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. माणसांची वैद्यकी व जनावरांची वैद्यकी अशा दोन वाटा आपण पाडल्या असल्या, तरी थायरॉइडच्या बाबतीत दोन्हीकडे औषध एकच आहे, लेव्होथायरॉक्सिन. मात्र वजनाच्या मानाने कुत्र्याला माणसाच्या दहापटीहून अधिक मात्रा लागते, आणि अन्य आजाराने अशक्त झालेल्या कुत्र्याच्या रक्तातही थायरॉइडचा स्राव कमी दिसत असल्यामुळे, एकाच तपासणीवर विसंबून किंवा घरातील गोळी अर्धी करून औषध सुरू करणे धोक्याचे आहे. थायरॉइडच्या टी-फोर व टीएसएच या दोन्ही रक्ततपासण्या जनावरांच्या डॉक्टरांकडून करून घ्याव्यात. योग्य मात्रा मिळाल्यावर कुत्रे काही आठवड्यांतच चपळ होते. केस भरून येण्यास मात्र कित्येक महिने जातात, आणि तोवर केस दिसत नाहीत म्हणून गोळ्या बंद करू नयेत.