वारसा-संवर्धनातील भागीदारी : कुतुबशाही घुमट ते नर्मदेचे जीवाश्म

राज्यघटनेच्या ४९व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे राज्यसंस्थेचे कर्तव्य होय. तर ५१क (च) अन्वये संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचे. ही दोन कर्तव्ये एकत्र कशी यावीत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१९९६ साली केंद्र सरकारने धर्मादाय देणगी अधिनियम, १८९० अन्वये राष्ट्रीय संस्कृती निधी स्थापन केला. सरकारी अनुदानाला खासगी देणगीची जोड मिळावी, हा त्यामागील हेतू. या निधीमार्फत दिल्लीतील हुमायून मकबऱ्याच्या बागेचे काम आगाखान सांस्कृतिक न्यासाने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या सहकार्याने २००३ मध्ये पूर्ण केले. पुढे सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने मुख्य इमारतीचे कामही २०१३ मध्ये झाले. छतावरील काँक्रीटचे थर काढून तेथे पुन्हा चुना वापरण्यात आला. म्हणजे पैशाइतकीच गरज चुन्याचे काम जाणणाऱ्या कारागिरांचीही होती.

हैदराबादच्या कुतुबशाही घुमटांबाबत २०१३ मध्ये राज्य शासनाशी असाच करार झाला व २०२४ मध्ये काम पूर्णत्वास गेले. गोवळकोंड्याच्या बारवांना २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार लाभला. या दोन्ही ठिकाणी एक सूत्र दिसते : मालकी शासनाची, पैसा अनेकांचा आणि निर्णय तज्ज्ञांच्या सल्ल्याने.

मात्र हे सूत्र जीवाश्मांपर्यंत फारसे पोहोचलेले नाही. गुजरातमधील बालासिनोरजवळच्या रैयोली येथे सापडलेल्या हाडांवरून २००३ मध्ये ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हा डायनासोर जगापुढे आला. तेथील संग्रहालय मात्र २०१९ साली सुरू झाले. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात ९२ घरटी व २५६ अंडी आढळल्याचे संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. कंपनी अधिनियम, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक इमारती व स्थळे यांच्या जीर्णोद्धाराचा स्पष्ट उल्लेख आहे. जीवाश्मांचे नाव तेथे नाही. भू-वारसा स्थळांसाठी केंद्राने २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला, हे त्या उणिवेचेच द्योतक होय.

ही उणीव गंभीर आहे. पडलेली कमान जुन्या नोंदींवरून पुन्हा उभारता येते. परंतु अंडे खडकाच्या थरातून नोंदीविना उचलले, की ते कोणत्या काळातील व कोणत्या घरट्यातील, हा पुरावाच नष्ट होतो. म्हणून येथे निधीचा पहिला वाटा राखणदार, कुंपण व नोंदणी यांसाठी असावा, आणि राखणीचे काम गावकऱ्यांकडे द्यावे.

इंदूर, वडोदरा व हैदराबाद येथील अध्यापकांना ही स्थळे दूर नाहीत. विद्यार्थ्यांना तेथे न्यावे, छायाचित्रे व मोजमापे घ्यायला लावावीत. दगड मात्र जागचा हलवू देऊ नये. अशी नोंद हीसुद्धा भागीदारीच आहे, आणि तिला देणगीदाराची वाट पाहावी लागत नाही.